सनईचा राखणदार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षं ते विचारू नका. मला ज्यांनी सांगितली, त्यांनीही "फार" एवढंच सांगितलं होतं.

एका डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. नगराला दगडी तट, तटाला मोठा दरवाजा आणि दरवाजाच्या माथ्यावर नगारखाना. त्या नगराची एक रीत होती. रोज पहाटे नगारखान्यातून सनई वाजायची आणि सनई पुरी झाली की मगच दरवाजा उघडायचा. बाहेर गवळी दुधाच्या घागरी घेऊन उभे असोत, नाहीतर खुद्द सेनापती घोड्यावर बसून खोळंबलेला असो, सनई संपेपर्यंत अडसर निघायचा नाही. आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल कुणी कुरकुरतही नसे, कारण सनई तशीच होती.

त्या नगारखान्यात दोन भाऊ होते. त्यांची नावं मी सांगणार नाही. नावं सांगितली की लोक आपापल्या भावकीत बोटं दाखवायला लागतात. थोरला आणि धाकटा, एवढं पुरे.

थोरला सनई वाजवायचा. धाकटा त्याच्या मागे बसून सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सनईसारखीच एक नळी असते, पण तिच्यावर बोटांचं काही काम नसतं. तिच्यातून एकच स्वर निघतो. सनईवाला हव्या त्या वाटेने हिंडून येतो. सूर धरणारा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तो एकच स्वर धरून बसतो. दम घ्यायलाही थांबायचं नाही. गालांत हवा साठवायची, नाकाने श्वास ओढायचा आणि फुंक चालू ठेवायची. काम सोपं नाही. पण ते ऐकून कुणी मान डोलवल्याचं तुम्ही कधी पाहिलंय का? मीही नाही.

तर असा हा धाकटा, आणि त्याच्या पोटात मत्सर.

मत्सर एकदम येत नाही. तो भाताच्या पेजेसारखा हळूहळू शिजतो. शेजारच्या देशाचा राजा आला, त्याने थोरल्याच्या खांद्यावर शाल घातली आणि धाकट्याच्या हातात नारळ ठेवला. झालं. शाल जुनी झाली, फाटली, तिची दुपटी झाली, तरी तो नारळ धाकट्याच्या मनातून गेला नाही. लग्नाच्या पंगतीत थोरल्याला पहिलं पान, धाकट्याला मिळेल तिथे. रस्त्याने दोघे निघाले की लोक थोरल्याच्या पाया पडायचे आणि धाकट्याला विचारायचे, "तुम्ही पण वाजवता वाटतं?"

थोरला मनाने चांगला होता, हीच धाकट्याची खरी अडचण होती. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. कुणी कौतुक केलं की थोरला मागे वळून भावाकडे हात करायचा आणि म्हणायचा, "हा मागे आहे म्हणून मी पुढे जातो." धाकट्याला वाटायचं, आपल्या ताटातलं उष्टं वाढतोय. तो हसायचा आणि मनात जळायचा.

आणि वाजवताना काय करायचा माहीत आहे? सूर धरायला डोकं लागत नाही, गाल लागतात. त्यामुळे डोकं मोकळं. तो नगारखान्याच्या झरोक्यातून खाली जमलेल्या लोकांचे चेहरे बघत बसायचा. कोण डोळे मिटून ऐकतंय, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलंय, किती जणांनी मान डोलवली. हे सगळं दादाला मिळतंय, याचा हिशेब तो रोज मनात मांडायचा. सनई त्याच्या कानाशी वाजत असायची, पण तो चेहरे बघत असायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वर्षं गेली. थोरल्याची बायको लवकर गेली होती, मागे एक मुलगी होती. बापाने तिला मांडीवर बसवून सनई शिकवली. लोक म्हणाले, "मुलीला कशाला?" बाप म्हणाला, "मग घरात दुसरं कोण आहे?" धाकट्याला मूलबाळ नव्हतं. पुतणीचा त्याला लळा होता. ती काका काका करत मागे फिरायची तेव्हा तो तिला बोरं आणून द्यायचा, गोष्टी सांगायचा. ती सरावासाठी आपली बासरीसारखी बांबूची नळी वाजवायला बसली की मात्र त्याला हटकून काहीतरी काम आठवायचं.

एका पावसाळ्यात थोरला आजारी पडला. छातीत दम राहिना. त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याने आपल्या पहाटेच्या चालीला नवा शेवट बांधला होता. ती चाल नगराला पाठ होती, पण हा शेवट काही और होता. ऐकताना वाटायचं, कुणीतरी हाताला धरून आपल्याला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतंय. बायका दळण थांबवून दारात येऊन उभ्या राहायच्या. थोडेच दिवस तो वाजला आणि मग वाजवणारा अंथरुणाला खिळला.

फुंकायला श्वास उरला नाही, तेव्हा थोरल्याने मुलीचा हात आपल्या हाती घेतला. तिच्या मनगटावर, जणू ती सनईच आहे असं समजून, एकेक बोट दाबून त्याने तो शेवट तिला शिकवला. "बोटांत ठेव," तो म्हणाला, "बोटं विसरत नाहीत. फक्त त्यांना रोज आठवण करून देत जा." धाकटा उशाशी बसून पाय चेपत होता. त्याला वाटलं, माझ्या मनगटावर कुणी कधी बोट ठेवलं नाही.

आणि थोरला गेला. सगळं नगर रडलं. धाकटाही रडला, अगदी खरं रडला. मत्सरी माणसालाही भाऊ असतो.

त्या नगराची दुसरीही एक रीत होती. कलावंत गेला की त्याची कला वाऱ्यावर सोडायची नाही. त्याचं वाद्य, त्याने बांधलेल्या चाली आणि त्याची बैठक, या सगळ्यावर घरातलाच एक राखणदार नेमायचा. राखणदाराने लायक माणूस शोधायचा. मग खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळे आपापल्या अवजारांची पूजा करतात तेव्हा, ते वाद्य आणि एक विडा त्या माणसाच्या हाती द्यायचा. विडा मिळाल्याशिवाय त्या चाली कुणीही वाजवायच्या नाहीत. रीत चांगली होती. रीत करणाऱ्यांनी राखणदाराच्या पोटात काय असेल याचा विचार केला नव्हता, एवढंच.

नगरावर तेव्हा एक म्हातारी राणी राज्य करत होती. तिने धाकट्याला बोलावलं आणि पेटीची किल्ली त्याच्या हाती दिली. पेटीत थोरल्याची काळी सनई होती आणि तिच्या तोंडाला बसवायच्या गवती पत्त्यांची जुडी. राणी म्हणाली, "तुम्ही जन्मभर त्यांच्या मागे बसलात. तुमच्याइतकं त्यांना कुणी ऐकलं नसेल. आता तुम्हीच सांभाळा."

धाकट्याने किल्ली कमरेला लावली. त्या वर्षीची खंडेनवमी दुखवट्यातच गेली. घरी येईपर्यंत रस्त्यात त्याला वाकून नमस्कार झाले. त्याने वाटेत चालण्याचा वेग कमी केला.

आता त्याच्या दारात माणसं यायला लागली. लांबलांबचे सनईवाले येत, पागोटं काढून ओटीवर बसत आणि म्हणत, "एवढी पहाटेची चाल वाजवायची परवानगी द्या." कुणाच्या मुलीचं लग्न असे. बाप हात जोडून म्हणे, "पाठवणीची ती चाल तेवढी वाजू द्या, पोरगी लहानपणापासून ती ऐकत आली आहे." धाकटा डोळे मिटून ऐकून घेई आणि हळू आवाजात म्हणे, "दादाची चाल आहे. कुणाच्याही तोंडी कशी देऊ?"

लोक हळहळत परत जात. जाताना म्हणत, "भाऊ असावा तर असा! मेल्यावरही भावाला जपतो." धाकट्याने हे इतक्यांदा ऐकलं की त्यालाही ते खरं वाटायला लागलं. वाईट वाजवणाऱ्याला तो गोड बोलून वाटेला लावी. चांगलं वाजवणाऱ्याचे मात्र वाभाडे काढी. "याची फुंक कच्ची," "त्याचं तोंड वेडंवाकडं," "तिसऱ्याला ताल म्हणजे काय ते ठाऊक नाही." पेटी त्याने कापूर घालून, सात फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली. उघडून बघायचीही त्याला भीती वाटे. उघडली आणि कुणी मागितली तर?

नगारखान्यात आता नुसता नगारा वाजायचा. धडाम धडाम झालं की दरवाजा उघडायचा. तान्ही मुलं दचकून रडायची, गाई दूध चोरायच्या, आणि म्हाताऱ्या राणीचं सकाळपासून डोकं दुखायचं.

एक दिवस पुतणी त्याच्यासमोर येऊन बसली. आता ती त्याच्याच घरी राहत होती. म्हणाली, "काका, बाबांची पहाटेची चाल मी वाजवू का? सनई नको, माझी ही नळी आहे. तुम्ही ऐका आणि मग ठरवा."

नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून धाकटा "वाजव" म्हणाला.

तिने वाजवली. पहिल्याच श्वासाला धाकट्याच्या अंगावर काटा आला. दादाच बसलाय की काय! तशीच फुंक, तसाच ठहराव. आणि मध्ये एका जागी, जिथे दादा खाली उतरायचा, तिथे ही पोरगी वर गेली आणि सहज परत आली. ओसरीसमोरून चाललेला पाथरवट डोक्यावरच्या दगडासकट थांबला.

ती वाईट वाजवती तर धाकट्याने तिला जवळ घेतलं असतं. पण ती चांगलं वाजवत होती, आणि त्याच्या छातीत जुना निखारा भडकला. एक गेला तर दुसरी तयार! मी जन्मभर मागे बसलो, आता हिच्याही मागे बसू?

"थांब," तो म्हणाला. "तुझे बाबा असं वाजवत नव्हते. चाल बिघडवतेस तू."

मुलीचा चेहरा उतरला. "मग कसं ते तुम्ही सांगा ना, काका."

"सांगायचं काय त्यात? पुन्हा वाजवू नकोस. गुणगुणूही नकोस. विद्येला बट्टा लागतो."

ती मोठ्यांचा शब्द मानणारी होती. तिने नळी कपाटात ठेवली. पण बोटं ऐकतात थोडीच? पोळ्या लाटताना तिची बोटं लाटण्यावर आपोआप हलायची. धाकट्याने ते पाहिलं आणि तो कडाडला, "दादाच्या चालीचा पोरखेळ मांडलाय का?" त्या दिवसापासून तिने लाटणं मुठीत धरायला सुरुवात केली.

धाकट्याची बायको हे सगळं बघत होती. ती जिभेची तिखट होती, पण डोळ्यांची स्वच्छ. जेवायला वाढताना म्हणाली, "अहो, भावोजी होते तेव्हा त्यांच्यावर जळलात. ते गेले तर त्यांच्या लेकीवर जळताय. उद्या त्यांच्या जोड्यांवर जळाल."

"मी दादाची विद्या राखतोय," धाकटा म्हणाला.

"राखताय की पुरताय?" असं म्हणून तिने आमटी वाढली आणि ती आत गेली. त्या दिवशी आमटीही तिखट होती.

पोरीची बाजू घेऊन चार माणसं राणीकडेही गेली. राणीने धाकट्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सरकार, मुलीच्या जातीने सनई फुंकावी, हे बरं दिसेल का?" राणीने आपल्या मुकुटाला हात लावला आणि म्हणाली, "आणि बाईने राज्य करावं, हे कसं दिसतं?" पण रीत म्हणजे रीत. राखणदाराच्या हातून विडा सुटल्याशिवाय राणीलाही काही करता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "खंडेनवमीला लायक माणूस घेऊन या. त्या दिवशी मला सनई ऐकायची आहे."

खंडेनवमी आली. राजवाड्याच्या चौकात सगळं नगर जमलं. लोहाराने घण पुजला, न्हाव्याने वस्तरा, सैनिकांनी तलवारी. धाकट्याने पेटी आणून मधोमध ठेवली. राणीने विचारलं, "सापडला का कुणी?"

"नाही सरकार," धाकटा म्हणाला. "दादाच्या तोलाचा कुणीच नाही."

"मग आज वाजवणार कोण?"

धाकट्याने जमावाकडे पाहिलं. सगळे चेहरे त्याच्याकडे लागले होते, ज्या चेहऱ्यांसाठी तो जन्मभर तळमळला तेच चेहरे. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मीच वाजवतो."

त्याने सात फडकी सोडली, पेटी उघडली. काळ्या सनईवर वर्षभराचा कोरडेपणा साचला होता. ना तेलाचा हात लागला होता, ना फुंक. गवती पत्त्यांची जुडी हातात घेतली तर त्या वाळून काटक्या झाल्या होत्या. अशी पत्ती जिभेने भिजवत, वापरत जगवायची असते. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, त्याची स्वतःची नळीही तशाच पत्तीवर चालायची. पण मत्सराच्या भरात त्याला पेटीच्या कुलपाची काळजी लागली होती, पेटीतल्या वस्तूची नव्हे. एक पत्ती ओठात धरताच चिरली. दुसरीही चिरली. तिसरी कशीबशी टिकली.

त्याने फुंक मारली. स्वर निघाला. त्याने भोकांवर बोटं ठेवली आणि एक उचललं, तशी सनई चिरकली. दुसरं उचललं, तर ती किंचाळली. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकट्याला घाम फुटला. मग त्याच्या शरीराने आपोआप जे येत होतं ते केलं. त्याने सगळी बोटं घट्ट दाबली आणि एकच स्वर धरला. सरळ, भरलेला, न हलणारा. गाल फुगले, नाकाने श्वास चालू झाला आणि स्वर चौकभर उभा राहिला.

लोक चालीची वाट बघत राहिले. चाल कुठून येणार?

ती आली. गर्दीतून, बायकांच्या बाजूने आली. पुतणी पूजेसाठी आणलेली आपली नळी घेऊन उभी होती. काकांची फजिती तिला बघवेना, आणि सूर चालू असताना गप्प राहणंही तिला जमेना. पहाटेची चाल काकांच्या सुरावर पाय ठेवून वर चढली. वर्षभराने नगराने ती ऐकली. राणीने डोळे मिटले. लोहाराच्या हातातली फुलं हातातच राहिली.

आणि सगळे चेहरे धाकट्यावरून निघून तिच्याकडे वळले. त्याने ते पाहिलं. निखारा पुन्हा भडकला आणि त्याने सनई ओठांपासून काढली.

सूर तुटला. चाल दोन पावलं तशीच पुढे गेली, मग तिचा तोल गेला, ती घसरली, भलत्याच स्वरावर पडली आणि थांबली. मग सगळ्यांनी माना वळवून धाकट्याकडे पाहिलं. त्याचा सूर थांबला हे आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

म्हातारा नगारेवाला पुटपुटला, "थोरला म्हणायचा ते खोटं नव्हतं. हा मागे असायचा, म्हणून तो पुढे जायचा."

धाकट्याने ते ऐकलं आणि तो जागच्या जागी हलला. ते उष्टं नव्हतं तर. दादाने खरोखरच आपल्याच ताटाशेजारी ताट मांडलं होतं, आणि आपण जन्मभर उपाशी बसलो. त्याने सनई पुन्हा ओठाला लावली आणि सूर धरला. या वेळी त्याने कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

पुतणीने पुन्हा चाल उचलली. ती चढली, उतरली, वळणं घेत गेली आणि शेवटाच्या तोंडाशी आली, त्या नव्या शेवटाच्या, जो बापाने मनगटावर शिकवला होता. तिथे तिची बोटं थांबली. तिने पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच आली आणि पुन्हा थांबली. मागे सूर एकटाच वाजत राहिला.

तिने नळी खाली घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्दांत राग नव्हता. "काका, पुढचं आठवत नाही. बाबा म्हणाले होते, बोटांना रोज आठवण करून दे. तुम्ही नको म्हणालात, म्हणून नाही केली. बोटांतून गेलं ते." मग तिने डोळे पुसले आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "पण तुम्ही तर मागेच बसायचात! रोज ऐकलंत तुम्ही. तुम्ही नुसतं गुणगुणून दाखवा, मी लगेच बोटांत घेते."

सगळं नगर श्वास रोखून धाकट्याकडे बघत होतं. राणी पुढे वाकली.

धाकट्याने तोंड उघडलं. त्याने आठवायचा प्रयत्न केला. नगारखाना आठवला. दादाची पाठ आठवली. झरोका आठवला. झरोक्याखालची माणसं तर एकेक आठवली: कोण रडत होतं, कोण हसत होतं, कुणी मान डोलवली होती, कोण दळण सोडून दारात आली होती. आणि ते कशासाठी रडत होते, ते काही केल्या आठवेना. ते त्याने ऐकलंच नव्हतं.

लोकांनाही विचारलं. कुणी म्हणे वर जायचं, कुणी म्हणे खाली यायचं, दोघांचं एक जमेना. गोष्टीत अशा वेळी एखादा शहाणा पोपट निघतो आणि सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवतो. त्या नगरातले पोपट नुसतेच पेरू खायचे.

धाकट्याने सनई खाली ठेवली. कमरेची किल्ली सोडली. त्याने ती राणीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "सरकार, मला या कामातून मोकळं करा. दादाचं सगळं मी कुलपात जपलं असं तुम्ही समजलात, मीही समजलो. खरं म्हणजे मी त्याच्यावर जळत होतो. तो होता तेव्हा जळलो, गेल्यावरही जळलो, आणि माझ्या या जळण्यात या पोरीच्या हातातलं तिच्या बापाचं शेवटचं देणं जळून गेलं. मी राखणदार नव्हतो. माझ्यापासूनच ते राखायला हवं होतं."

राणीने ती किल्ली उचलून हातात घेतली. मग तिने विचारलं, "तुमच्या जागी कुणाला नेमू?"

"कुणालाच नको, सरकार. जे उरलंय ते तिच्या बोटांत आहे. तिथे कुलूप बसत नाही, हेच बरं आहे."

त्याने तबकातला विडा उचलला आणि सनईसकट पुतणीच्या हाती दिला. देताना तो तिच्या पाया पडायला वाकला, तशी ती दोन पावलं मागे सरली. "काका, हे काय! तुम्ही वाकायचं नाही. मला फक्त एक सांगा, उद्या पहाटे मागे बसाल ना?"

इतका वेळ आवरलेला हुंदका त्याला तेव्हा फुटला. त्याची बायको गर्दीत उभी होती. तिने पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाली, "चला, आता आमटी कमी तिखट करायला हरकत नाही."

"आणि माझी शिक्षा, सरकार?" धाकट्याने विचारलं.

"ती तुम्हाला रोज पहाटे ऐकू येईल," राणी म्हणाली.

तसंच झालं. दुसऱ्या दिवसापासून नगारखान्यात पुन्हा सनई वाजू लागली. पुतणी पुढे आणि काका मागे. ती पुढे मोठी वादक झाली. तिने स्वतःच्या किती तरी चाली बांधल्या आणि मागेल त्याला शिकवल्या. पण पहाटेच्या चालीला तिने ना जुना शेवट लावला, ना दुसरा. ती चाल त्या जागेपर्यंत यायची आणि थांबायची. मग सनई गप्प होई आणि मागचा सूर तेवढा एकटा वाजत राही, जिथे तो शेवट असायला हवा होता तेवढा वेळ. तो संपला की दरवाजा उघडे.

धाकट्याचा मत्सर गेला का? खोटं कशाला सांगू, पुरता गेला नाही. पुतणीच्या खांद्यावर पहिली शाल पडली, त्या दिवशी त्याला तो जुना नारळ आठवलाच. पण त्याने झरोक्याकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती. डोळे मिटून तो ऐकायचा. म्हातारा झाला, दात गेले, गाल बसले, तरी रोज पहाटे त्या रिकाम्या जागी तो आपला सूर धरायचा. परगावचे लोक विचारत, "ही चाल अर्धीच का?" नगरातले लोक नगारखान्याकडे बोट दाखवत. मुलंसुद्धा त्याचा सूर संपेपर्यंत चुळबूळ न करता उभी राहत.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: जो दुसऱ्याच्या गुणावर जळतो, त्याने त्या गुणाची किल्ली कमरेला लावू नये, आणि लावलीच असेल, तर उशीर होण्याआधी ती खाली ठेवावी.